हंगामापुरती आलेली मुलं आणि आपली शाळा

दिवाळीची सुट्टी संपवून वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या शाळा पुन्हा भरतात, तेव्हा गावची वस्ती सुट्टीआधीइतकीच राहिलेली नसते. पऱ्हाटी फुटलेली असते, आंबिया बहाराचा संत्रा तोडीला आलेला असतो, वीटभट्ट्यांवर माती कालवायला सुरुवात झालेली असते. या कामांसाठी सातपुड्यातल्या बैतूल-छिंदवाड्याकडून, मेळघाटातून, कधी दोन तालुके ओलांडून मजुरांची कुटुंबं येतात आणि वावराच्या धुऱ्यावर, बगिच्यातल्या खोलीत नाहीतर भट्टीलगतच्या झोपड्यांत मुक्काम करतात. गुरं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्या काठेवाडींची बिऱ्हाडं वेगळी, पारधी बेड्यांवरची सतत हलती वस्ती वेगळी. या सगळ्यांबरोबर शाळेच्या वयाची मुलं असतात. त्यांतल्या काहींना कुणीतरी हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत आणतं. बरीचशी तिथवर पोचतही नाहीत. जी पोचतात त्यांना शिकवायचं कसं, एवढाच या लेखाचा विषय आहे आणि त्यावर माझं म्हणणंही एकच आहे: या मुलांना शिकवताना वर्षाचा हिशेब सोडा, मुक्कामाचा हिशेब धरा. मूल तीन महिने राहणार असेल, तर तीन महिन्यांत पुरी होईल अशी एखादी गोष्ट त्याला द्या. अडचणी पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेक आपण हिशेब चुकीच्या मापाने मांडल्यामुळे वाढलेल्या असतात.

अशीच मध्येच तुटलेली शाळा निर्वासितांच्या मुलांचीही असते. निर्वासित म्हटलं की परदेशातल्या तंबूंच्या छावण्या आठवतात, पण विदर्भाला हा अनुभव परका नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. 1972 मध्ये आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत झाली. आष्टीच्या तर उशालाच अप्पर वर्धा धरण आहे. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ बांधलेल्या या धरणाने घरं-जमिनी गेलेली माणसं आपल्या मागण्या घेऊन 2023 मध्येही थेट मंत्रालयात पोचली होती. हंगामी मजुराचं मूल, धरणग्रस्ताचं मूल आणि युद्धातून जीव वाचवून आलेलं मूल यांना एकाच रांगेत बसवणं अर्थातच चूक ठरेल. मजुराला होळीनंतर का होईना, परतायला गाव असतं; निर्वासिताला ते नसतं, आणि त्याच्या मुलाने जे पाहिलेलं असतं ते वर्गातल्या कुठल्याच उपायाने पुसलं जात नाही. तरी फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या दृष्टीने तिघांत साम्य मोठं आहे: शाळा मध्येच तुटलेली, घरची भाषा पुस्तकाच्या भाषेहून वेगळी, आणि हे मूल इथे किती दिवस आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचे अलीकडचे अहवाल सांगतात की शाळेच्या वयाची जवळपास निम्मी निर्वासित मुलं शाळेबाहेर आहेत. जी शाळेत आहेत त्यांच्याबाबत जगभरच्या शिक्षकांना जे कळलं, ते आपल्या उपयोगाचं आहे.

आधी आपलं गणित पाहू. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि एप्रिल-मेपर्यंत चालतं. पुस्तकं, घटकनियोजन, दोन सत्रांचं मूल्यमापन सगळं याच मापाने बेतलेलं आहे. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. मजुराचं मूल इथे येतं ऑक्टोबरच्या अखेरीला किंवा नोव्हेंबरात. म्हणजे मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत ते मोजलं जातं, पण नंतर तिथे ते नसतं. आष्टीच्या शाळेत ते असतं, पण इथे ते मोजलेलं नसतं. पद एकीकडे आणि पोर दुसरीकडे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात अडकलेला शिक्षक मनाशी म्हणतो की वयाने हे मूल पाचवीचं आहे, वाचता येत नाही, पाचवीचा अभ्यासक्रम तर याच्याकडून होणं शक्य नाही आणि मार्चपर्यंत हे निघूनही जाईल. मग ते मागच्या भिंतीशी बसतं, चित्रं काढतं, खिचडी खातं आणि एक दिवस यायचं थांबतं. यात शिक्षकाचा दुष्टपणा नसतो. वर्षाच्या मापाने पाहिलं तर त्याचं उत्तर बरोबरच असतं. म्हणून माप बदलायला हवं.

थोड्या दिवसांत खरंच काही होतं का, हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. याचं उत्तर भावनेने देऊ नये, पुराव्याने द्यावं. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने उत्तर प्रदेशातल्या सरकारी शाळांत 2013-14 मध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वाचन-गणिताची शिबिरं घेतली. कुठे दहा-दहा दिवसांची, कुठे वीस-वीस दिवसांची. वर्षाकाठी सगळे मिळून सुमारे 50 दिवस. मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जेवढं येतं त्याप्रमाणे गट केले होते. पुढे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासह संशोधकांनी शिबिरं झालेल्या आणि न झालेल्या शाळांची तुलना केली, तेव्हा या 50 दिवसांनी वाचनात पडलेला फरक फार मोठा निघाला. आपल्याकडे आलेलं मूल नोव्हेंबर ते फेब्रुवारी राहिलं, तर सुट्ट्या आणि बुडालेले दिवस वजा जाऊनही साधारण तेवढेच दिवस हाती लागतात. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनाही हे मान्य आहे. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घेतल्यावर जे विशेष प्रशिक्षण द्यायचं, त्याची किमान मुदत तीन महिने ठेवलेली आहे. तीन महिने म्हणजे काहीच नाही, असं कायदासुद्धा म्हणत नाही.

'ते जाणारच आहेत, मग इतका जीव कशाला ओतायचा', या त्याच आक्षेपाच्या दुसऱ्या रूपाला कोल्हापूरने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. दुसऱ्या महायुद्धात सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार झालेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. माणसं सुमारे 5,000, त्यांत बहुतांश बायका आणि मुलं. ती इथे कायमची राहणार नव्हती हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होतं आणि 1948 पर्यंत छावणी रिकामीही झाली. तरी तिथे बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सगळं चाललं, तेही मुलांच्या स्वतःच्या भाषेत, आणि स्काउटची पथकंही होती. मुलं पुढे कुठल्या देशात जाणार हे ठरलेलं नसताना शिक्षकांनी वर्ग भरवले. या उदाहरणाला मर्यादा आहे हे कबूल केलं पाहिजे: त्या छावणीमागे एक निर्वासित का होईना, सरकार उभं होतं, शिक्षक त्यांच्यातलेच होते आणि सगळी मुलं एका भाषेची होती. भट्टीवरच्या चार पोरांमागे यातलं काहीच नसतं. पण जाणाऱ्या मुलाला शिकवणं वाया जातं, हा समज तिथे टिकत नाही. (वळिवड्याच्या त्याच जागेत पुढे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. कुणाचा मुक्काम तात्पुरता ठरेल आणि कुणाचा कायमचा, हे आधी सांगता येत नाही.)

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मूल दारात आलं की पहिल्या दिवशीच त्याचं नाव लिहा. 'दाखला घेऊन या, मग बघू' हे वाक्य शाळेच्या तोंडी येताच कामा नये. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 14 प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. कलम 5 प्रमाणे राज्यातून वा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. कलम 4 वयाप्रमाणे वर्ग देतं आणि कलम 9 स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: कायद्यातल्या 'बालक' या व्याख्येत सहा ते चौदा हे वय आहे, नागरिकत्वाची अट नाही. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नसली, तरी वर्गाच्या दारात ती अडचण उभी राहत नाही. ऑनलाइन नोंदीत क्रमांक जुळत नाही, जुनी शाळा मुलाला सोडत नाही, हे घोळ होतातच. ते मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी सोडवायचे. तोवर मूल वर्गात आणि दुपारच्या जेवणाच्या पंगतीत असायला हवं. मराठी मुलखातून आलेलं मूल असेल तर त्याच्याकडे मूळ शाळेचं शिक्षण हमी पत्रक, म्हणजे पुढच्या शाळेसाठी दिलेली त्याच्या शिक्षणाची नोंद, आहे का, हे विचारा. नसेल तर वडिलांच्या मोबाइलमध्ये गावच्या गुरुजींचा नंबर बहुधा असतो. पाच मिनिटांच्या त्या फोनने जे कळतं ते कुठल्या पोर्टलवर सापडत नाही.

पहिल्या आठवड्यात परीक्षा घेऊ नका, पण पातळी मात्र नक्की करा. त्यासाठी कागदाचा एक तुकडा पुरतो: काही अक्षरं, काही शब्द, चार ओळींचा सोपा उतारा, एक छोटी गोष्ट. मूल कुठे अडखळलं तिथे त्याचा मुक्काम सुरू होतो. गणितातही तसंच: अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. बैतूलकडचं मूल हिंदी माध्यमात शिकलेलं असेल, तर हीच तपासणी आधी हिंदीतून करा. त्याला मराठी उतारा वाचता आला नाही म्हणून 'वाचता येत नाही' अशी नोंद करणं हा त्याच्यावर अन्याय तर आहेच, शिवाय तुमचे पुढचे तीन महिने चुकीच्या जागी खर्च होतील. लिपी एकच आहे हे मोठं भाग्य समजा. देवनागरी जुळवून वाचणारं मूल दोन-तीन आठवड्यांत मराठी मजकूर उच्चारू लागतं, अर्थ मागाहून येतो. ज्याला कुठलीच अक्षरं येत नाहीत, त्याचं काम निराळं आहे. या दोघांना एका रांगेत बसवून एकच बाराखडी गिरवायला दिली, तर पहिला कंटाळतो आणि दुसरा घाबरतो.

भाषेच्या बाबतीत जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी द्राविड कुळातली. मराठी-हिंदीशी दोघींचंही नातं नाही. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी होते, तो-ती-ते अशी नाही. गोंडीत पुरुष एका बाजूला, आणि बाई, बैल, दगड सगळे दुसऱ्या बाजूला. म्हणून हे मूल 'आई आला', 'गाय बसला' म्हणतं तेव्हा ते निष्काळजीपणा करत नसतं. स्वतःच्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतं. वर्ग हसतो तो अशाच वाक्यांना, आणि दोनदा हसं झालेलं मूल तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. तेव्हा लिंगाच्या चुका पहिले दोन महिने सुधारूच नका. मूल बोललं की आपण तेच वाक्य बरोबर रूपात, सहज, उत्तरादाखल म्हणा आणि पुढे जा. सुरुवातीचे काही आठवडे मूल गप्प बसतं, त्याची धास्ती घेऊ नका. नवी भाषा कानावर घेणाऱ्या मुलांत असा गप्प काळ पुष्कळदा दिसतो. त्या काळात हातवारे, चित्रं, मोजायच्या वस्तू यांवर काम चालू ठेवा आणि मुलाकडूनच त्याच्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द गोळा करून भिंतीवर लावा. पाणी, भाकर, झाड, बहीण, ये, बस, दुखतं. ते शब्द वर्गातल्या बाकीच्या मुलांनीही म्हणायचे. एक तास का होईना, वर्गात काहीतरी असं असावं जे फक्त त्या मुलालाच येतं.

यावर शाळेत ठरलेला प्रश्न असा की शेवटी मराठीच शिकायची आहे, मग घरची भाषा मध्ये कशाला? कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांचा अभ्यास करून दाखवलं की मैदानावरची बोलभाषा मूल साधारण वर्ष-दोन वर्षांत उचलतं, पण पुस्तक वाचून समजण्याइतकी, कारणं मांडण्याइतकी भाषा यायला पाच-सात वर्षं लागतात. आपला घोटाळा इथेच होतो. डिसेंबरात मूल मैदानावर खणखणीत मराठी बोलताना ऐकू येतं आणि आपण धरून चालतो की आता त्याला परिसर अभ्यासाचा धडाही समजतो. तो समजत नाही, आणि मग आपण त्याच्या बुद्धीवर शिक्का मारतो. घरची भाषा वापरायची ती मराठी टाळण्यासाठी नाही. तीन महिन्यांच्या मुक्कामात पाच वर्षांचं भाषाकाम होणार नाही, म्हणून विचार करायला त्याच्याजवळ जी भाषा आहे ती वापरू द्यायची. खरं पाहता आष्टीच्या शिक्षकाला हे नवं नाही. इथलं मूल घरी जी बोली बोलतं तीही पुस्तकातली नसते, आणि ती बोली ऐकत-ऐकतच प्रमाण मराठीकडे जायची वाट आपण रोज काढत असतो. तीच वाट थोडी लांबवायची आहे.

आता तीन महिन्यांत शिकवायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी: वाचन एक पायरी वर आणि हिशेब एक पायरी वर. अक्षरांवर असलेलं मूल शब्दांपर्यंत, शब्दांवरचं उताऱ्यापर्यंत. बाकी विषय त्याने वर्गाबरोबर ऐकावेत, त्यात चित्र काढावं, सांगावं. पण रोजचा दीड तास या दोन गोष्टींना राखून ठेवलेला असावा. द्विशिक्षकी शाळेत हे कसं जमायचं, असं कुणी विचारेल, आणि हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. चार-पाच इयत्ता दोघांत वाटून घेतलेल्या, त्यात माहितीचे तक्ते, त्यात मोबाइलवर येणारे आदेश. पण या मुलांसाठी वेगळा दीड तास काढायचा नसतोच. तिसरी ते पाचवीची सगळी मुलं त्या वेळेत पातळीप्रमाणे बसवायची, गावातली आणि बाहेरून आलेली एकत्र. 'असर' या शिक्षणस्थितीच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही असं वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. तेव्हा शब्दांच्या गटात गावातली मुलंही निघतीलच, आणि ती निघाली की 'बाहेरच्या पोरांपायी आमच्या पोरांचं नुकसान' ही पालकांची तक्रारही आपोआप सौम्य होते. सोय बाहेरच्यांसाठी सुरू झाली तरी तिचा फायदा गावाला मिळतो, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्पष्ट सांगावं.

हिशेबाची उदाहरणं मुलाच्या घरची घ्यावीत. आईने सकाळी 18 किलो कापूस वेचला, दुपारी 23 किलो. किलोमागे ठरलेल्या दराने किती झाले? हजार विटांमागे मजुरी ठरली आणि आठवड्यात साडेसहा हजार विटा पाडल्या, तर हाती काय यावं, आणि त्यातून उचल किती फिटली? गाडीत इतकी कॅरेट, एका कॅरेटमध्ये इतकी संत्री, तर एकूण किती? वर्धा ही या विचाराची जन्मभूमीच आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीम उभी राहिली, तिचं सूत्र हेच होतं की हाताच्या कामातून ज्ञान जोडावं. फाळणीनंतर सेवाग्रामच्या आशादेवी आर्यनायकम आणि त्यांचे सहकारी हीच पद्धत घेऊन फरीदाबादला निर्वासितांच्या मुलांत कामाला गेले होते. मात्र इथे सावध राहायला हवं. नई तालमीत मूल शाळेत काम करत होतं ते शिकण्यासाठी. भट्टीवरचं मूल घरी काम करतं ते पोटासाठी. त्याला शाळेतही विटाच मोजायला लावल्या आणि 'बघा, किती छान येतं' असं म्हटलं, तर आपण त्याच्या मजुरीला शाबासकी दिल्यासारखं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्याने गुन्हा आहे, आणि घरच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्यापुरतीच सूट आहे. म्हणून उदाहरण आईबापांच्या मजुरीचं असावं आणि त्याचा रोख मुकादमाची चिठ्ठी तपासता येण्याकडे असावा. घरात पहिल्यांदा कुणीतरी उचलीचा हिशेब वाचून दाखवतं, तेव्हा बापाला शाळेचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही.

पारधी बेड्यावरून येणाऱ्या मुलांसाठी आणखी एका गोष्टीचं भान हवं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला, त्यांची त्यातून सुटका 1952 मध्ये झाली. गावाच्या मनातून तो शिक्का अजून गेलेला नाही. वर्गात पेन्सिल हरवली की माना एका दिशेला वळतात. अशा वेळी कुणाचंही दप्तर तपासायचं नाही, हा शाळेचा नियम असू द्या, आणि तो पेन्सिल हरवण्याआधी सांगितलेला असू द्या. पोलिसाची भीती, घर मोडलं जाण्याची आठवण, रात्रीची पळापळ या गोष्टी मुलाकडून काढून घेण्याचा प्रयत्न करू नका. आपण समुपदेशक नाही आणि अर्धवट उकरलेली जखम तशीच सोडून मूल पुढच्या गावाला जाईल. त्याला हवा असतो तो ठरलेला दिवस: तीच जागा, तोच सोबती, प्रार्थनेनंतर काय आणि जेवणानंतर काय हे ठाऊक असणं. कुणी अचानक दचकतं, सतत पेंगतं, भांडतं किंवा अन्न लपवून ठेवतं, तर शिक्षेआधी आरोग्य तपासणीच्या पथकाला दाखवा. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असेल, तर तिला परत पाठवू नका. गावात अंगणवाडी आहे, तिची सेवा तात्पुरत्या वस्तीतल्या बालकांनाही मिळते; अंगणवाडीताईंशी बोलून धाकट्याला तिथे बसवलं, की मुलीचा रोजचा दिवस मोकळा होतो. मुलींची गैरहजेरी पुष्कळदा याच एका कारणाने असते.

परिसर आणि इतिहास शिकवताना थोडी कल्पकता दाखवली, तर बाहेरचं मूल बाहेरचं राहत नाही. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, 'भारत छोडो'च्या लढ्यात आष्टीत जे घडलं ते इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. बैतूलच्या मुलाला हे सांगता यायला हवं की त्याच्याकडे गंजनसिंग कोरकू यांच्या नेतृत्वाखाली 1930 चा जंगल सत्याग्रह झाला, आणि 1942 च्या त्याच ऑगस्टमध्ये घोडाडोंगरीला विष्णुसिंग गोंड आणि त्यांचे साथीदार उठले होते. वर्धा आणि बैतूल 1956 पर्यंत एकाच प्रांतात होते. आज ज्याला आपण परराज्यातलं मूल म्हणतो, त्याच्या आजोबाची आणि आपल्या आजोबाची राजधानी नागपूरच होती.

'पालकांनाच शिक्षण नको असतं' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत वारंवार ऐकू येतं. त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही, पण पाहायला हवं ते त्यांना काय परवडतं हे. भट्टी गावापासून दीड कोसावर, रस्ता महामार्ग ओलांडून, आईबाप पहाटे कामाला. पोराला कोण सोडणार? नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि जिथे ती नाही तिथे वाहतुकीच्या सोयीची तरतूद आहे. तिची मागणी लेखी करा. पालकांना शाळेत बोलावू नका, त्यांच्या मजुरीचा दिवस मोडतो. संध्याकाळी भट्टीवर एकदा जाऊन या, आणि गेल्यावर मुकादम आणि भट्टीमालक यांच्याशीही बोला, कारण मजुराला ज्याचा शब्द मोडता येत नाही तो माणूस तिथे असतो. शिक्षक एकट्याने सगळं करू शकत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. बालरक्षक म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांनी राज्यात पुष्कळ मुलं शाळेत आणली, ते कौतुकास्पद आहे. पण कौतुक करून जबाबदारी झटकण्याची सवय व्यवस्थेला लागली आहे. मुलं आली, शिक्षक वाढला नाही, हे प्रत्येक मासिक अहवालात आकड्यानिशी लिहा. आणि पटावर नाव ठेवून मूल गायब, हा प्रकार करू नका. कमी पटाच्या शाळा बंद होण्याच्या भीतीने तो मोह होतो, पण त्या एका खोट्या नावामुळे मूल जिथे खरोखर आहे तिथल्या शाळेत त्याची नोंद अडून बसते.

सगळ्यांत दुर्लक्षित दिवस असतो तो जाण्याचा. बहुतेक वेळा तो कळतही नाही. सोमवारी झोपडी रिकामी दिसते. म्हणून जाण्याची तयारी आल्यापासूनच करावी. प्रत्येक अशा मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर महिन्याच्या शेवटी चार ओळी लिहायच्या आणि खाली सही, शिक्का आणि स्वतःचा नंबर टाकायचा: कोणत्या तारखेला आलं, वाचनात कुठे होतं आणि आता कुठे आहे, हिशेबात काय येतं, घरी कोणती भाषा बोलतं, कशाने हुरूप येतो. परराज्यातलं असेल तर हेच हिंदीत. इयत्ता आणि गुण लिहिण्याची गरज नाही. पुढच्या गुरुजींना उद्या सकाळी काय शिकवायचं एवढं कळलं की पुरे. वही मुलाजवळ राहते, कार्यालयाच्या कपाटात राहत नाही. मूल अचानक गेलं तरी पान त्याच्याबरोबर जातं. शिक्षण हमी पत्रक रीतसर द्यायचंच, पण ते मिळेपर्यंत वही उपयोगी पडते. दाखला मागायला कुणी आलं, तर त्याच दिवशी द्या. कलम 5 ने तो मुख्याध्यापकांवर बंधनकारक केला आहे आणि उशीर केल्यास शिस्तभंगाची कारवाई सांगितली आहे.

हे सगळं नोव्हेंबरात मूल दारात आल्यावर सुचून उपयोगाचं नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सप्टेंबरअखेरीस एक तास यासाठी मागून घ्या. गेल्या वर्षी कोणत्या भट्टीवर, कोणत्या बगिच्यात किती मुलं होती, ती कुठून आली होती आणि कोणती भाषा बोलत होती, याचा केंद्रातल्या शाळांनी मिळून एक कागद करा. मजूर बहुधा त्याच मुकादमामागे त्याच ठिकाणी परत येतात, त्यामुळे अंदाज फारसा चुकत नाही. त्या कागदावरून जुनी पाठ्यपुस्तकं गोळा करता येतील, हिंदी माध्यमाचे थोडे संच मागवता येतील, धारणी किंवा बैतूलच्या शाळांशी फोनवर बोलून कोणती मुलं निघाली आहेत हे विचारता येईल, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मूल येण्याची वाट न पाहता शाळेतून कुणीतरी भट्टीवर जाऊन येईल.